तयार केबिन घ्यावी की स्वतः खोपटं बांधावं? (घोटी साईड / दिंडोरी साईड)

सातपूरवाला | १२ मे, रात्री १०:४०

मंडळी, तीन-चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सातपूरला कंपनीत, बायको शाळेत, लेक यंदा दहावीला, सोबत आई. तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात एवढाच आमचा निसर्ग. आधी रविवारी गंगापूर धरणाकडे जायचो, आता तिकडे गाडी लावायलाच इतका वेळ जातो की घरी भजी तळून खाल्लेली परवडतात. म्हणून गेलं वर्षभर डोक्यात आहे की कुठेतरी एक छोटं, अगदी छोटं घर असावं. बंगला नको, स्विमिंग पूल नको, दोन खोल्या, एक पडवी, चूल मांडायला जागा.

बजेट २२ लाख. त्यातले ८ आईचे, तिच्या माहेरची सिन्नरकडची थोडी जमीन समृद्धी महामार्गात गेली त्याचे. उरलेल्या जमिनीच्या उताऱ्यावर तिचं नाव अजून आहे.

दोन गोष्टी बघितल्यात.

पहिली, घोटीहून वैतरणेकडे जाताना एक प्लॉटिंग आहे, तिथे ५ गुंठ्यावर तयार लाकडी केबिन, ४०० फूट, पुढे डेक, वर त्रिकोणी छत, कॅलेंडरवर असतं तसं. २४ सांगतोय, २१ पर्यंत येईल असं वाटतं. किल्ली घ्यायची आणि राहायला जायचं.

दुसरी, दिंडोरी तालुक्यात पेठ रोडकडून आत २० गुंठे मोकळी जमीन, १३ लाख, काळी माती, सामाईक विहिरीत हिस्सा, रस्ता बांधावरून. तिथे आपण आपलं बांधायचं.

बायकोला केबिन आवडली आहे. आई म्हणते मला लाकडी पेटीत झोपायला सांगू नका. मी मधे. ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी अनुभव सांगा, शहाणपण सांगितलं तरी चालेल.

---

तिन्हीसांज | १२ मे, रात्री ११:०५

मे महिन्यात घोटीकडची जागा बघून आवडली म्हणताय ना, आता तीच जागा जुलैमध्ये बघा. मग बोलू.

---

एफडी_बरी | १२ मे, रात्री ११:२०

२२ लाख बँकेत ठेवा. ७ टक्क्याने वर्षाचे १ लाख ५४ हजार. चार हजार रुपये रात्र धरली तरी ३८ रात्री कुठल्याही रिसॉर्टला राहून या, चादरी धुवायला नकोत, गवत काढायला नको, पंप जळाला म्हणून कोणाचा फोन नाही. तुम्ही वर्षातून ३८ रात्री तिकडे जाणार आहात का, छातीवर हात ठेवून सांगा. लेक दहावीला आहे म्हणजे पुढची तीन वर्षं तर विसराच.

---

पत्र्यावरचा_पाऊस | १३ मे, सकाळी ७:५०

एफडीवाले भाऊंचा हिशोब बरोबर आहे पण हिशोब करून कोणी घर घेत नाही हो.

माझा अनुभव सांगतो. त्र्यंबकच्या पुढे माझी सासरकडची जमीन, तिथे मी कंटेनर ठेवला. २० फुटी, म्हणजे २० बाय ८, सगळा मिळून १६० चौरस फूट, आत भिंतीला थर्माकोल आणि प्लाय लावला की उरतं त्याहून कमी. पहिली मजा म्हणजे क्रेन. कंटेनर घेऊन ट्रेलर आला पण शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला वळणच बसेना, दोन दिवस कंटेनर रस्त्याच्या कडेला उभा, गावातले लोक विचारायला आले रेशनचा माल आलाय का. शेवटी जेसीबी लावून बांध फोडला, परत बांधून दिला, त्याचे पैसे वेगळे.

एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही, शेगडीत बसल्यासारखं होतं. पावसाळ्यात उलट, बाहेर गार आणि आत आपण चार माणसं श्वास घेतोय, सकाळी छताला आतून घाम, थेंब थेंब गादीवर. मला वाटलं गळतंय म्हणून वर चढून सगळे जोड सिलिकॉनने भरले, गळत नव्हतंच. मग वर दुसरं पत्र्याचं छप्पर केलं, मधे दीड फूट हवा खेळायला जागा ठेवली, तेव्हा कुठे राहण्याजोगं झालं. म्हणजे कंटेनरवर घर बांधलं म्हणा ना.

पण एक सांगतो, पहिल्या रात्री पोरं टॉर्च घेऊन काजवे बघत बसली होती ती रात्र एफडीत येत नाही.

---

खडी_वाळू | १३ मे, दुपारी २:१५

सिव्हिलवाला आहे, वीस वर्षं याच धंद्यात, म्हणून दोन शब्द.

लोकांच्या डोक्यात नाशिक म्हणजे एकच हवा असते. तसं नाही. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, आणि तीसपस्तीस किलोमीटरवर घोटी-इगतपुरी पट्ट्यात तीन हजारांच्या पुढे. म्हणजे तुमच्या सातपूरच्या गच्चीवर जे वॉटरप्रूफिंग दहा वर्षं टिकलं ते तिकडे दोन पावसाळ्यात सोलून निघतं. आणि तिकडचा पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. जुनी घरं बघा, छप्पर पार खाली आणलेलं, भिंतीच्या पुढे तीन-तीन फूट पागोळ्या, पश्चिमेच्या अंगाला कारवीच्या कुडाचा आडोसा. ते गरिबीमुळे नव्हतं, अक्कल होती. आता सांगा, त्या केबिनचा डेक कुठल्या दिशेला आहे? व्ह्यू धरणाचा हवा म्हणून पश्चिमेला असणार. मग जून ते सप्टेंबर डेकवर फक्त शेवाळ बसेल.

लाकूड कसलं आहे ते विचारा. पाइन असेल तर खालून जमिनीशी कुठे टेकलंय का ते वाकून बघा, वाळवीला तेवढं पुरतं. द्राक्षवाल्यांना भुरीची सवय असते, लाकडाच्या बुरशीला मात्र त्यांचं औषध चालत नाही.

आता दिंडोरीची काळी माती. काळी माती पाणी पिते तशी फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. आत्ता मे आहे, जाऊन बघा, हात कोपरापर्यंत जाईल अशी भेग असेल तर तिथे दोन फुटाच्या पायावर भिंत उभी करणं म्हणजे होडीत भिंत बांधणं. मुरूम लागेपर्यंत खोदायचं, खोदलेली काळी माती परत भरायची नाही, मुरूम आणून भरायचा, वर जोतं निदान दोन-अडीच फूट. यात घराच्या चौथाई पैसे जमिनीखाली जातात आणि बायको विचारते काम कुठे दिसत नाही. माझ्या हिशोबाने त्या साईडला ४०० फुटाचं साधं विटेचं, वर पत्रा आणि आतून सीलिंग, ८ ते ९ लाख, पाया अवघड निघाला तर १०. जांभा नको, कोकणातून आणायचं भाडंच दगडापेक्षा जड होतं.

बांधा की विकत घ्या हे तुम्ही ठरवा, पण बांधलेल्याची दुरुस्ती तुम्हाला कळते, विकत घेतलेल्यात कुठली पाइप कुठून गेलीय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

---

सातपूरवाला | १३ मे, संध्या. ६:३०

खडीभाऊ, डेक पश्चिमेलाच आहे. 😐

---

फेरफार_बघा | १३ मे, रात्री ९:४८

सगळे लाकूड आणि विटांवर बोलतायत, कागदावर कोणीच नाही. मी कित्येक वर्षं जमिनीच्या कागदांमध्येच आहे, म्हणून जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

५ गुंठे ऐकल्याबरोबर माझे कान टवकारले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे आणि २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं ते जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे. शेतजमिनीचा त्याहून छोटा तुकडा वेगळा काढून विकता येत नाही. मग प्लॉटिंगवाले काय करतात, एक-दीड एकराचा गट घेतात आणि दहा-बारा जणांना त्यात अविभक्त, म्हणजे न वाटलेला, हिस्सा विकतात. सातबारा एकच, नावं सगळ्यांची. तुम्ही ज्याला माझा प्लॉट म्हणता ती जमिनीवर मारलेली चुन्याची फक्की आहे, कागदावर तशी रेघ कुठेच नाही. उद्या त्यातल्या एकाने वाटपाचा दावा लावला की तुमची केबिनही दाव्यात. एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट असेल तर गोष्ट वेगळी, मग त्याला एनए ऑर्डर आणि मंजूर लेआउट मागा. लेआउट म्हणजे ब्रोशरवरचं चित्र नव्हे.

दुसरं, घोटी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, दिंडोरीचा पश्चिम भाग, हा सगळा आदिवासी पट्टा. जमीन महसूल संहिता १९६६, कलम ३६-अ, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही. मधले लोक साठेखत, कुलमुखत्यार, ९९ वर्षांचा भाडेपट्टा असलं काहीबाही करून देतात, तिकडे वळूच नका. आजचा सातबारा एकट्याने काही सांगत नाही, मागचे सगळे फेरफार काढा, पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणाच्या नावावर होती ते बघा. इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, दिसला तर थांबा.

आता तुमची दुसरी जागा. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी लागतो, कुळकायदा कलम ६३. आईचं नाव सिन्नरच्या उताऱ्यावर आहे म्हणजे आईच्या नावाने घेता येईल. पण २० गुंठे विकत मिळाले म्हणजे त्यावर घर बांधता आलं असं नाही! शेतघराला किमान ०.४ हेक्टर लागतं, म्हणजे एक एकर. तुमचं अर्धंच आहे. मग एनए करा. तिथेही रस्ता बांधावरून म्हणताय, म्हणजे नकाशावर रस्ता नाही, शेजाऱ्याच्या मनावर रस्ता. शेजारी मेला आणि मुलाने तार मारली की तुम्ही हेलिकॉप्टर बघा.

एवढंच की ती जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर राहण्यासाठी एनए बरंच सोपं झालंय, त्याच महसूल संहितेचं कलम ४२-ड बघा. आत नसेल तर १३ लाखात ज्वारी पेरा.

---

तिन्हीसांज | १३ मे, रात्री १०:०२

फेरफारभाऊंनी दोन्ही विकेट काढल्या.

---

आडगावची_माई | १४ मे, सकाळी ६:१०

मी शेतकरीण, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते, राग मानू नका. आमच्या शिवाराला लागून दोन फार्महाऊस आहेत शहरातल्या लोकांची. पहिल्या वर्षी दर शनिवारी गाडी, पाहुणे, गाणी. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. आता दिवाळीला येतात आणि कुलूप गंजलंय म्हणून आमच्याकडे तेल मागतात. मधल्या काळात घरात साप, पाकोळ्या, टाकीत मेलेली पाल, मोटर चोरीला. राखणीला माणूस ठेवा म्हणतात, अहो माणूस कुठेय, इथे छाटणीला माणसं मिळत नाहीत. शेवटी लक्ष कोण ठेवतं तर आम्हीच. म्हणून घर कसं आहे याच्या आधी शेजार कसा आहे ते बघा ताई-दादा.

बिबट्याचं पण धरा हिशोबात. आमच्याकडे ऊस नाही तरी येतो. कुत्रं बांधून ठेवू नका, मोकळं ठेवू नका, ठेवूच नका.

आणि पाणी. तिकडे पश्चिमेला एवढा पाऊस तरी एप्रिलमध्ये पेठ-सुरगाणा-त्र्यंबककडे टँकर फिरतात. खालचा कातळ, पाणी पडतं तसं वाहून धरणात जातं. विहिरीत पाणी आहे म्हणाला ना तो, तळ दिसायच्या दिवसांत बघून या, म्हणजे आत्ताच, या आठवड्यात.

---

ओसरी | १४ मे, दुपारी १:२५

माईंनी शेजाराचं काढलं म्हणून लिहिते. विकत घेणं आणि बांधणं याच्या मधला एक रस्ता कोणी सांगितलाच नाही. गावठाणातलं जुनं घर बघा की. ती शेतजमीन नाही, त्यामुळे शेतकरी असण्याची अट नाही, एनएची भानगड नाही, लाइट आहे, नळ आहे, रस्ता आहे, शेजार आहे. आम्ही असंच घेतलं पाच वर्षांपूर्वी, दीड गुंठा जेमतेम, दगडमातीच्या भिंती, कौलं. व्ह्यू म्हणाल तर समोर मारुतीचं देऊळ आणि पिठाची गिरणी. पहिल्या महिन्यात मला वाटलं फसलो, आता गिरणीचा पट्टा फिरायला लागला की वाटतं आलो घरी.

जमवाजमव अशी की ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो, पण तो करापुरता, मालकी त्याने सिद्ध होत नाही हे लक्षात ठेवा. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन बऱ्याच गावठाणांची प्रॉपर्टी कार्डं निघालीत, ते निघालंय का विचारा.

---

फेरफार_बघा | १४ मे, दुपारी ३:०५

ओसरीताईंना शंभर टक्के अनुमोदन. फक्त घरमालक आदिवासी असेल तर तिथेही आधी परवानगीचं विचारा, आणि वारस मोजा. गावठाणातल्या घरांना भिंतींपेक्षा वारस जास्त असतात.

---

एफडी_बरी | १४ मे, दुपारी ३:३०

मारुतीचं देऊळ आणि पिठाची गिरणी बघायला २२ लाख. छान.

---

ओसरी | १४ मे, दुपारी ३:४१

६ लाख पडले हो दुरुस्तीसकट. 🙂

---

सातपूरवाला | २९ जून, रात्री ११:३०

मंडळी, गायब नव्हतो, फिरत होतो.

दिंडोरीची विहीर माईंच्या सांगण्यावरून त्याच आठवड्यात बघितली. पाणी होतं, पण त्या विहिरीवर हिस्सेदार पाच आणि मोटरीचे वार ठरलेले, आमच्या वाट्याला बुधवार येत होता. मी शनिवारी जाणार आणि पाणी बुधवारी. गावठाणापासून अंतर मोबाईलवर मोजलं, सातशे मीटर. तो विषय तिथेच संपला.

केबिनवाल्याकडे एनए ऑर्डर मागितली. तो म्हणाला प्रोसेसमध्ये आहे, सिंहस्थ तोंडावर आहे, समृद्धीने मुंबई जवळ आलीय, भाव रोज वाढतायत, टोकन टाकून ठेवा, कागद येतीलच. सातबारा मी ऑनलाइन काढला, अकरा नावं. त्यातलं एक नाव वारलेल्या माणसाचं आहे हे मला चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं. तरी बायकोचा जीव अडकला होता म्हणून त्यालाच म्हटलं एक रात्र भाड्याने दे. मागच्या शनिवारी राहिलो. दुपारी स्वर्ग, खरंच सांगतो, ढग डेकवर येऊन बसले होते, लेक पुस्तक बाजूला ठेवून अर्धा तास गप्प बसली, जे घरात कधी होत नाही. रात्री नऊला वारा सुटला. आडवा पाऊस म्हणजे काय ते खडीभाऊ तुमच्या दोन ओळीत कळलं नव्हतं, तिथे कळलं. काचेच्या दाराखालून पाणी आत, आम्ही टॉवेल लावले, मग चादरी लावल्या, मग आईची शाल. लाइट गेली ती सकाळी पण आली नाही. आई रात्रभर पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि एक अक्षर बोलली नाही, ते जास्त लागलं.

येताना गाडीत बायकोच म्हणाली, ते गिरणीवालं घर कुठेय म्हणालेलं?

---

खडी_वाळू | ३० जून, सकाळी ८:००

दाराला उंबरा नव्हता ना? मला वाटलंच. सगळ्यांना आतून बाहेर सपाट पाहिजे असतं हल्ली.

---

सातपूरवाला | ३ ऑगस्ट, रात्री ९:१५

अपडेट. एक घर बघितलंय. गावाचं नाव सांगत नाही, इथले शंभर जण उद्या पोचतील, दिंडोरी तालुका एवढंच. गावठाणात, पावणेदोन गुंठे, पुढे ओटा, मधे दोन खण, मागे परसात शेवगा. म्हातारा-म्हातारी मुलाकडे नाशिकला आलीत, घर आठ वर्षं बंद. भर पावसात बघितलं मुद्दाम. मागच्या खोलीत चार ठिकाणी गळतंय, एक वासा पोकळ झालाय, पण भिंत कोरडी आणि जोतं माझ्या मांडीपर्यंत. आई आत न जाता आधी ओट्यावर बसली, शेजारची बाई चहा घेऊन आली, दोघींचं काय झालं माहीत नाही, अर्ध्या तासात सिन्नरकडची कुठलीतरी लांबची सोयरीक निघाली.

७ लाख म्हणतायत. प्रॉपर्टी कार्ड निघालंय, नाव म्हाताऱ्याच्या वडिलांचं आहे. घर आदिवासीचं नाही, तेही विचारून घेतलं. वकील बघून देतोय. खडीभाऊ, कौलं काढून पत्रा टाकू का?

---

खडी_वाळू | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

कौलाला हात लावाल तर बोलणार नाही तुमच्याशी. वासे बदला, फुटकी कौलं तेवढी बदला, गावात कोणाचं घर पाडत असतील तर त्यांची जुनी मंगलोरी मागून ठेवा, मापाला बसतात. आतल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चुकूनही करू नका, माती-चुन्याच्या भिंतीतली ओल आतच कोंडते आणि दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. चुन्यानेच करा. आणि पावसाळा संपल्याशिवाय काम काढू नका.

---

फेरफार_बघा | ४ ऑगस्ट, सकाळी ९:२०

नाव वडिलांचं आहे म्हणजे आधी वारसनोंद. म्हाताऱ्याला भाऊ-बहिणी किती? "बहिणींनी कधीच काही मागितलं नाही" हे वाक्य ऐकवतील, ऐकून घ्या आणि तरीही प्रत्येक बहिणीची सही रजिस्ट्रार समोर हक्कसोडपत्रावर घ्या. बहीण वारली असेल तर तिच्या मुलांची. त्याआधी एक रुपया देऊ नका.

---

सातपूरवाला | ४ ऑगस्ट, दुपारी १:१०

तेच वाक्य ऐकवलं, शब्द न् शब्द 😄 भाऊ नाही, बहिणी तीन. एक म्हसरूळला, एक गावातच, तिसरी नंदुरबारला, पंचाहत्तरीची, तिला प्रवास होत नाही आणि भावाशी बोलणं बंद आहे, कशावरून तर म्हशीवरून. म्हाताऱ्याचा मुलगा म्हणतो आम्ही गेलो तर आत्या दार उघडणार नाही, तुम्हीच जा. तर या रविवारी मी, बायको आणि आई नंदुरबारला चाललोय. आईनेच ठरवलं, म्हणते मी बोलते तिच्याशी.

---

आडगावची_माई | ४ ऑगस्ट, दुपारी २:००

रिकाम्या हाताने जाऊ नका. चिवडा न्या आणि म्हातारीला चोळीचा खण. सहीचं पहिल्या भेटीत काढू नका, आधी म्हशीचं ऐकून घ्या.